अंकुरच नसेल, तर दात येणार कुठून?

(वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे)

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची होती : काही दात जन्मतःच नसणे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांच्या शेजारचे दोन्ही दुधाचे दात पडून दीड वर्ष झाले, तरी तिथे नवे दात आले नाहीत. आमच्या दंतवैद्यांनी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांतले सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढायला सांगितला आणि तो पाहून, या दोन्ही दातांचे अंकुरच नाहीत, असे सांगितले. तेव्हापासून सासूबाईंचे एकच म्हणणे आहे, की मी गरोदर असताना ग्रहणात भाजी चिरली होती. माझे मन कुठेच लागत नाही. माझ्या मिस्टरांचा त्याच जागेचा एक दात लहान आणि टोकदार आहे, पण त्यांचे दात पूर्ण आहेत. आमचा धाकटा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्यालाही असेच होईल का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ग्रहणापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रातला अर्धा भार त्याचाच आहे. मूल कोणती जनुके घेऊन वाढणार, हे गर्भधारणेच्या क्षणी ठरलेले असते. त्यानंतर आपण विळी हातात घेतली की बाजूला ठेवली, याने त्यात कणभरही फरक पडत नाही. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्या चुकल्या असतील, ही शंकाही अशा वेळी अनेक आयांच्या मनात येते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचा संबंध दाताच्या कठीण आवरणाच्या प्रतीशी आहे, दातांच्या संख्येशी नाही.

खरी खूण आपण स्वतःच पत्रात लिहिली आहे, आणि ती म्हणजे आपल्या यजमानांचा लहान, टोकदार दात. वरच्या बाजूचा पटाशीचा दात खुंटीसारखा राहणे आणि तो मुळीच न येणे, या वरवर दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या तरी पुष्कळदा एकाच जनुकीय बदलाची ती सौम्य आणि तीव्र रूपे असतात. वडिलांचा दात बारीक आणि मुलीचा गायब, किंवा एकाच माणसाच्या एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, अशी उदाहरणे बालदंतवैद्याला नेहमी दिसतात.

हे कसे होते, ते जरा विस्ताराने सांगतो. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना जबड्याच्या कडेने पेशींची एक पट्टी जाड होऊ लागते आणि जिथे जिथे दात यायचा असतो, तिथे तिथे तिच्यावर कळी धरते. ही कळी एकटी वाढत नाही. वरचा पेशींचा थर आणि त्याच्या खालचा थर एकमेकांना सतत रासायनिक निरोप पाठवत असतात : आता वाढ, आता थांब, आता दुमड, आता कडक हो. निरोप लिहिणारी, पोहोचवणारी आणि वाचणारी अशी अनेक जनुके या कामात गुंतलेली असतात. त्यांतल्या एखाद्यात बदल झाला आणि निरोप क्षीण झाला, की कळी त्या टप्प्यावर अडते आणि जिरून जाते. समोरच्या कायमच्या दातांचे अंकुर दुधाच्या दातांच्या अंकुरांमागे गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास धरू लागतात, म्हणजे आपल्या मुलीच्या त्या दोन दातांचा निकाल तिच्या जन्माच्या आधीच लागला होता.

जे दात येतच नाहीत ते कोणते असावेत, यालाही एक क्रम आहे. पटाशीच्या दातांमध्ये दुसरा, उपदाढांमध्ये (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या दोन लहान दाढांमध्ये) दुसरी आणि दाढांमध्ये तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, हेच दात सर्वाधिक वेळा नसतात. पंगतीत अगदी टोकाला बसलेल्याच्या पानापर्यंत येता येता वाढपातले संपत यावे, तसे हे आहे. अक्कलदाढ तर साधारण पाचांतल्या एका माणसाला किमान एक तरी नसतेच आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. अक्कलदाढा वगळल्या, तरी एखादा कायमचा दात जन्मतः नसणारी माणसे शंभरात पाच-सहा तरी सापडतात, आणि त्यांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा काहीसे अधिक असते. दुधाचा दातच नसणे मात्र विरळ असते. शंभरात एखादे मूल, किंवा तेवढेही नाही.

जनुकांची नावे आपल्याला पाठ करायची नाहीत, पण अहवालात ती दिसली तर दचकू नये म्हणून सांगतो. १९९६ साली एमएसएक्स१ या जनुकातील बदल एका कुटुंबात सापडला. त्या घरातल्या बाधित माणसांना दुसऱ्या उपदाढा आणि अक्कलदाढा नव्हत्या. २००० साली पॅक्स९ या जनुकाचा दाढांच्या अभावाशी असलेला संबंध उघड झाला. पुढे डब्ल्यूएनटी१०ए हे जनुक पुष्कळ रुग्णांमध्ये आढळू लागले. यांपैकी एमएसएक्स१ आणि पॅक्स९ यांचा बदल आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तरी पुरतो. असा बदल प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. परंतु तो गेला तरी सर्वांमध्ये सारखा दिसत नाही. एकाला चार दात कमी, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला केवळ एक खुंटी, तर चौथ्याला काहीच नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांतही कधी एकाचा दात गायब आणि दुसऱ्याचा बारीक असतो. म्हणून 'आमच्या घरात हे कुणालाच नव्हते' हे वाक्य मी ऐकून घेतो, पण त्यावर विसंबत नाही. आजोबांची कवळी बसण्यापूर्वी त्यांना किती दात होते, हे घरात कोणाला आठवते?

यजमानांचा हा बदल त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. हे सासूबाईंना ऐकवावे की नाही, ते आपण ठरवा; मला विचाराल तर ऐकवू नये, कारण जनुक कोणीही निवडून देत नाही, आणि दोषाचे गाठोडे आपल्या डोक्यावरून उतरवून त्यांच्या डोक्यावर ठेवल्याने घरात शांतता येणार नाही.

आता मुलीसाठी. ज्यांना बाजूचे पटाशीचे दात नसतात किंवा बारीक असतात, त्यांचे वरचे सुळे टाळूच्या बाजूला भरकटण्याचा संभव जास्त असतो. दहाव्या-अकराव्या वर्षी हिरडीवरून बोट फिरवले असता सुळ्यांचे उंचवटे जाणवतात की नाही, हे दंतवैद्यांकडून तपासून घ्या. त्याच सुमारास दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, एकदा दाखवा. पुढे दोन मार्ग असतात : जागा राखून मोठेपणी तिथे कृत्रिम दात बसवणे, किंवा सुळे पुढे सरकवून, त्यांना आकार देऊन जागा बंद करणे. कोणता मार्ग बरा, हे जबड्यांची ठेवण, सुळ्यांचा रंग-आकार आणि हसताना दिसणारी हिरडी पाहून ठरते. सध्या तिला एवढेच सांगा, की हे तिच्या गोड खाण्याने झालेले नाही.

धाकट्याचा ओपीजी आत्ता नको. साधारण आठव्या वर्षी काढावा. त्याआधी एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा जोडीदार आला नाही, तर मात्र थांबू नका.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. किडलेल्या दाढेसाठी एक्स-रे काढला, तेव्हा खालच्या दुधाच्या दाढेखाली कायमचा दात 'दिसत नाही' असे सांगण्यात आले. काय करावे?
– एक वडील, हडपसर

उत्तर : वाट पाहावी. खालची दुसरी उपदाढ हा फार उशीर करणारा दात आहे. बहुतेकांमध्ये तिचे कठीण टोक तीन-चार वर्षांच्या वयात एक्स-रेमध्ये दिसू लागते, पण काही मुलांमध्ये ते सातव्या-आठव्या वर्षापर्यंतही दिसत नाही. अंकुर मऊ असतो आणि तो कडक होऊ लागेपर्यंत एक्स-रेला दिसत नाही. पाचव्या वर्षी 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

त्याहून महत्त्वाचे असे, की ती दुधाची दाढ 'नाहीतरी पडणारच आहे' म्हणून काढून टाकू नका. भरता येत असेल तर भरून घ्या, नसेल तर तिच्यावर टोपी बसवा. खाली कायमचा दात नसलाच, तर ती दाढ हेच मुलाचे भांडवल आहे. तिशी-चाळिशीपर्यंत टिकलेल्या अशा दुधाच्या दाढा मी पाहिल्या आहेत. दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली बुडत चालली आहे असे वाटले, तर मात्र ती हाडाला चिकटली असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा दंतवैद्यांना लवकर दाखवावे.

प्रश्न : माझा नातू (मुलीचा मुलगा) सव्वादोन वर्षांचा आहे. तोंडात फक्त चार दात, तेही सुळ्यासारखे टोकदार. केस अतिशय विरळ व पांढुरके. गेल्या एप्रिल-मेमध्ये त्याला वारंवार ताप येत असे, रक्ताच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या. आम्ही जावळ उशिरा काढल्यामुळे केस असे झाले, असे काही लोक म्हणतात. दातांसाठी टॉनिक द्यावे का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : टॉनिक नको, आणि जावळाचाही यात काही संबंध नाही. आपण अतिशय नेमके निरीक्षण केले आहे. दात, केस आणि ताप या तीन गोष्टी आपण एकाच पत्रात लिहिल्या, यातच उत्तर बरेचसे आले. दात, केस, नखे आणि घामाच्या ग्रंथी ही सर्व गर्भाच्या एकाच बाह्य थरापासून घडतात. त्या थराच्या घडणीत दोष असेल, तर ही सारी मंडळी एकत्र अडखळतात. या विकारसमूहाला एक्टोडर्मल डिस्प्लेशिया म्हणतात आणि त्यातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात घाम फारच कमी येतो. नातवाला तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, पण संशय घेण्याइतक्या खुणा निश्चितच आहेत.

म्हणून पहिली काळजी दातांची नाही, उन्हाची आहे. घाम येत नसेल तर शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत अशा बाळाचा ताप हा जंतूंचा नसून उष्णतेचा असू शकतो. तो तापाच्या औषधाने नीट उतरत नाही. अंग थंड केल्याने उतरतो. ओला सुती सदरा, पंखा, वारंवार पाणी, दुपारी बाहेर न नेणे, बंद मोटारीत क्षणभरही न ठेवणे, हे आजपासूनच सुरू करा. बालरोगतज्ज्ञांना 'याला घाम येतो का?' हा प्रश्न आपणहून विचारा. याच वर्षी त्याला आनुवंशिकी तज्ज्ञांनाही दाखवा.

या विकाराचा आपल्या उपखंडाशी जुना संबंध आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. त्या घरातल्या चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून केवळ चार लहान, दुबळे पटाशीचे दात आणि आठ मागच्या दाढा होत्या. अंगावर केस कमी, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून होणारा त्रास मोठा. डार्विन यांना विशेष वाटली ती गोष्ट अशी, की त्या घरातल्या मुलींना हा त्रास कधीच झाला नव्हता, पण मुलींच्या मुलांमध्ये तो उतरत असे. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. यास कारणीभूत असलेले ईडीए हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचे निश्चित होऊन ते सापडले ते १९९६ साली. मुलाकडे एक्स गुणसूत्र एकच असते, म्हणून त्यावरचा दोष झाकला जात नाही. मुलीकडे दोन असतात, त्यामुळे तिच्यात एखादा दात कमी किंवा बारीक असणे, कुठे कुठे घाम कमी येणे, एवढ्यावर निभावते.

म्हणून आपल्या मुलीचे दात एकदा पाहून घ्या. ती वाहक असेल, म्हणजे तिच्या एका एक्स गुणसूत्रावर हा बदल असेल, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाल्यास त्याला विकार होण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यताही निम्मी. ती वाहक नसेलही. काही वेळा बदल बाळातच नव्याने झालेला असतो. हे रक्ताच्या जनुकीय तपासणीतून कळते आणि ते पुढच्या गरोदरपणापूर्वी कळणे चांगले. गर्भलिंगनिदानाला आपल्याकडे बंदी आहे, पण लिंगसंबद्ध आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी १९९४ च्या कायद्याने नोंदणीकृत केंद्रात, ठरलेल्या अटींवर करता येते. त्याची माहिती आनुवंशिकी तज्ज्ञ देतील. जर्मनीतील एर्लांगेन येथे बाळ पोटात असतानाच गर्भजलात, या विकारात ज्या प्रथिनाची उणीव असते त्याचे इंजेक्शन देण्यात आले आणि जन्मल्यावर त्या मुलांना घाम येऊ लागला, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. हा उपचार अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहे.

दातांचे काय? साधारण तीन-चार वर्षांचा झाला आणि तोंडात माप घेऊ देऊ लागला, की त्याला काढता-घालता येणारी छोटी कवळी करता येते. 'एवढ्याशा पोराला कवळी' या विचाराने आपल्याला संकोच वाटेल, परंतु बालवाडीत डबा खाता येणे आणि शब्द स्पष्ट उच्चारता येणे हा त्या मुलाचा लाभ आहे, आणि मुले ती मोठ्यांपेक्षा लवकर अंगवळणी पाडतात. जबडा वाढेल तशी कवळी नवी करावी लागते. पुण्यातल्या दंतमहाविद्यालयांच्या बालदंतरोग विभागांत हे काम होते. तिथे वेळ जास्त जातो, पण खर्च आटोक्यात राहतो.

प्रश्न : माझे लग्न मामाच्या मुलीशी ठरत आहे. आम्हा दोघांच्याही घरात एक-दोघांना दात कमी आहेत. मुलांवर याचा परिणाम होईल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मामाची मुलगी करून घेण्याची चाल आपल्याकडील अनेक समाजांत जुनी आहे, तेव्हा तिला नाके न मुरडता गणित सांगतो. आते-मामे भावंडांची सुमारे एक-अष्टमांश जनुके सामाईक असतात. प्रत्येकाकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. ज्या बदलाची एकच प्रत पुरते, त्यात नात्यातल्या लग्नाने फारसे वेगळे घडत नाही. परंतु काही जनुकांच्या बाबतीत, आणि वर उल्लेख आलेले डब्ल्यूएनटी१०ए त्यांपैकीच आहे, एक प्रत बदललेली असेल तर एखादा दात कमी होतो किंवा काहीच होत नाही, पण दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर पुष्कळ दात नसणे आणि त्यासोबत केस, नखे, त्वचा व घाम यांचे दोषही येऊ शकतात. आपल्या दोघांच्या घरांत दात कमी आहेत आणि घराणे मुळात एकच आहे. म्हणून साखरपुड्याआधी आनुवंशिकी तज्ज्ञांचा सल्ला घ्या. जाताना कोणाचा कोणता दात नाही, हे दर्शवणारी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढून न्या. त्या कागदाने अर्धे काम होते.

एक पुरवणी. कुटुंबात सहा किंवा त्याहून अधिक दात नसलेली माणसे असतील आणि त्याच माणसांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोगही झालेला असेल, तर हेही तज्ज्ञांना अवश्य सांगा. २००४ साली फिनलंडमधील एका कुटुंबात ॲक्सिन२ या जनुकातील बदलाने या दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या होत्या. हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. एखाद-दुसरा दात नसलेल्या मुलाच्या पालकांनी याची धास्ती घेऊ नये, आणि अशा मुलाला जनुकीय तपासणीचीही गरज नसते.

प्रश्न : मुलीला (वय १३) वरचा एक पटाशीचा दात जन्मतः नाही. दहावीच्या आधी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवून बसवलेला कृत्रिम दात) करून टाकावे असे वाटते. दुसरे म्हणजे, जपानमध्ये दात उगवणारे औषध निघाले आहे, असा व्हॉट्सॲपवर संदेश आला. तोवर थांबावे का?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : इम्प्लांटची घाई करू नका. नैसर्गिक दात जबड्याबरोबर खाली-पुढे सरकत वाढतो. इम्प्लांट हाडात रुतून बसते आणि बसवल्या जागी राहते. तेराव्या वर्षी बसवलेला दात आज शोभून दिसेल, पण शेजारचे दात पुढे निघून जातील आणि तो काही वर्षांत वर अडकल्यासारखा दिसू लागेल. वाढ थांबेपर्यंत, म्हणजे मुलींमध्ये साधारण अठराव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत, थांबणे योग्य. तोवर शेजारच्या दाताला मागून पंखासारखा चिकटवलेला दात बसवता येतो, किंवा रिटेनरलाच, म्हणजे दात जागेवर राखणाऱ्या काढत्या-घालत्या साधनालाच, एक दात जोडून देता येतो. दहावीच्या निरोप समारंभातल्या फोटोसाठी एवढे पुरेसे आहे.

जपानची बातमी खोटी नाही, पण ती वाटेत फुगली आहे. दाताच्या वाढीला लगाम घालणारे यूसॅग-१ नावाचे एक प्रथिन शरीरात असते. ते अडवणाऱ्या प्रतिपिंडाने उंदीर आणि फेरेट या प्राण्यांत दात उगवल्याचे क्योटोच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवले. माणसांवरची पहिली चाचणी २०२४ च्या सप्टेंबरपासून क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात, किमान एक दात नसलेल्या प्रौढ पुरुषांवर सुरू झाली. अशा पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे की नाही, हे पाहतात. दात येतो की नाही, हा त्यापुढचा प्रश्न. जन्मतः अनेक दात नसलेली मुले हेच या संशोधनाचे पुढचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे आम्ही दंतवैद्यही त्याकडे डोळे लावून बसलो आहोत. परंतु आपल्या मुलीच्या बाबतीत त्यासाठी जागा रिकामी ठेवून थांबणे परवडणारे नाही, कारण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि तिथले हाड बारीक होत जाते. ऑर्थोडॉन्टिस्टनी ब्रेसेस सुचवल्या असतील तर लावून घ्या, त्या निघाल्यावर रिटेनर रोज रात्री घातला जातो याकडे लक्ष ठेवा, आणि आजचा ओपीजी फाइलमध्ये जपून ठेवा. अठराव्या वर्षी इम्प्लांट करणारे डॉक्टर तो मागतील.